सत्तेचाळीस नंबरचा खांब

साडेदहाची ग्रामसभा.
साडेदहाला सभागृहात मी, शिपाई वामन,
आणि पंख्याखालची खुर्ची धरून बसलेले काजितान फुर्तादो.
अठरा वर्षं ते फक्त पंख्यासाठी येतात, असं सरपंचबाई म्हणतात,
आणि ते ऐकू न आल्यासारखं करतात.

गणपूर्ती नाही. अर्धा तास तहकूब.
नियमच तसा आहे, अर्ध्या तासानं
जेवढे असतील तेवढे म्हणजे गाव.
तोवर मीस सुटतं, माणसं येतात,
अंगावर इस्त्रीचे कपडे, हातात उंड्यांची पिशवी.

मी मागचं इतिवृत्त वाचते.
कोणी ऐकत नाही, सगळे मंजूर करतात.

मग मानशीचं दार. ते कुजलंय.
भरतीला खारं पाणी खाजनात शिरतं.
दार कोणाचं? पंचायतीचं, कुळांच्या संघटनेचं, की खात्याचं?
हे मी सोळा वेळा लिहिलंय. आता हात आपणच लिहितो,
"संबंधितांस पत्र पाठवण्याचे ठरले."
मग फेस्ताच्या फेरीत खाज्याच्या दुकानाला ना-हरकत.
मग कचरा. सुका सोमवारी, ओला रोज,
आणि डायपर कुठल्या वारी, मळारवाड्यावरची नवी सून विचारते.
हशा. हशा मी लिहीत नाही.
"सविस्तर चर्चा झाली" ह्यात हसणंही येतं, भांडणही,
आणि काजितानचं घोरणं.

मग दिवे.
दिवे सगळ्यांना हवेत. देवळामागे एक, फेरीधक्क्यावर दोन,
बंद घरासमोर एक, लिस्बनहून फोन आला होता म्हणून.

तेव्हा पिएदाद उठली.
"बाय, म्हजो दिवो बंद करात."

खांब सत्तेचाळीस, तिच्या कोरगुटाच्या कडेला.
रात्रभर उजेडात उभं राहिलेलं भात, ती म्हणाली,
पोटरीला येत नाही. त्याला वाटतं अजून दिवसच आहे.
गेल्या वर्षी सगळं शेत वाकलं होतं,
खांबाखाली तेवढा एक गोल
हिरवागार, ताठ, पोकळ.

पंच सत्यवान वळवईकर म्हणाला, मावशी,
त्याच वळणावर माझा बाप पडला. खुब्यात सळी आहे.
तेही खरंच होतं.
पिएदाद खाली बसली नाही. सत्यवानही नाही.
पंखा फिरत राहिला.

तक्रारवहीत रकाने आहेत,
बल्ब गेला, तार तुटली, झाड टेकलं.
"पेटतो" असा रकाना नाही.
मी लिहिलं, "विषय पुढील सभेपुढे ठेवावा."
हा जुलै. पुढची सभा ऑक्टोबरात.
तोवर भात एक तर भरलेलं असेल,
एक तर नसेल.

सप्टेंबरात, चवथ आटोपल्यावर,
लाइनमन गुरुदास च्यारी टेबलापाशी आला,
खिशातून काहीतरी काढून माझ्या खणात ठेवलं
आणि निवासाच्या दाखल्याचं विचारत राहिला,
जो त्याला नको होता.

वहीत नोंद आहे. खांब ४७, बल्ब गेला.
तक्रारदार, स. वळवईकर. सही त्याचीच, मी ओळखते.
शेऱ्याच्या रकान्यात "बल्ब उपलब्ध नाही",
हे अक्षर माझं.

बल्ब जुलैच्या सभेच्या नोटिशीत गुंडाळलेला आहे.
शिक्का काढायला खण ओढला की गडगडतो.
समोर जन्मदाखल्यात "फेर्नांदिस"चं स्पेलिंग दुरुस्त करायला
आलेला मुलगा दचकतो.
वामन खिडकीबाहेर बघतो.

काल उशीर झाला. वळणावर स्कूटर हळू केली.
काळोख इतका की खांबही दिसेना.
समोरून सत्यवानचा बाप येत होता,
एका हातात काठी, दुसऱ्यात नवी टॉर्च,
आणि टॉर्च खाली, अगदी पायापाशी धरलेली,
भाताच्या बाजूला तळहाताचा आडोसा करून.